सिद्धगड, ६ वाजून १० मिनिटं

शनिवार, २ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पहाटे ६ वाजून १० मिनिटांनी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल पोलिसांच्या गोळीनं पडले. कर्जत-माथेरान भागाचे ते भाई कोतवाल. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील त्यांच्याआधी थोडाच वेळ पडले होते. कर्जत आणि मुरबाडात ही वेळ मिनिटासकट पाठ आहे. दरवर्षी बलिदान दिनाला माणसं अंधारातच गडाकडे निघतात ती ६.१० गाठण्यासाठी.

या मिनिटाच्या आग्रहात एक गंमत आहे. युद्धापायी सरकारनं १ सप्टेंबर १९४२ पासून साऱ्या देशाचं घड्याळ एक तास पुढं सरकवलं होतं. मुंबई शहरात त्यावर आणखी जुना ‘मुंबई टाइम’ चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. गडाखालच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांना यातल्या कुठल्याच काट्याशी देणंघेणं नव्हतं. कोंबडा आरवला की पहाट. तरीही मिनिट जपलं गेलं. आता त्या मिनिटापासून मागं मोजत जाऊ आणि मग पुन्हा त्याच्याकडे येऊ.

३० वर्षं १ महिना आधी

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. ठाण्याच्या ह्यू मॅलेट नावाच्या कलेक्टरनं १८५० मध्ये हा डोंगर साहेबांच्या नजरेस आणला, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर चढली, आणि माथेरान हे दोन हंगामांवर जगणारं गाव झालं. साहेब आणि शेटजी येत तेव्हा गावाला काम, ते उतरले की गाव रिकामं. अशा गावातल्या गरीब नाभिक कुटुंबातला हा मुलगा. वरच्या इयत्ता डोंगरावर नव्हत्या, म्हणून शिकायला पुण्याला गेला, पुढं मुंबईत कायद्याची पदवी घेतली. आणि परत आला. मला या चरित्रातली ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. वकिली शिकलेला माणूस त्या काळात ठाण्याला किंवा मुंबईला पाटी लावायचा. हा परत डोंगरावर गेला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. ज्या गावात त्याच्या जातीच्या माणसानं पाहुण्यांची दाढी करायची, त्या गावच्या कारभारात तो बसला.

साधारण दीड वर्ष आधी

माथेरानच्या खाली कर्जत तालुका पसरलेला आहे. भाताचा मुलूख. कूळ पिकवी, मालक खंड नेई, आणि श्रावण-भाद्रपद आला की कुळाच्या घरातली कणगी तळाला जाई. मग सावकाराच्या ओट्यावर जाऊन खावटी उचलायची आणि पीक आलं की दिडीदुपटीनं फेडायची. फेडून पुन्हा कणगी रिकामी. हे चक्र मोडायचं तर भाषणानं मोडत नाही, धान्यानं मोडतं, हे भाईंना वकील असूनही कळलं होतं.

त्यांनी धान्यकोठी काढली. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून धान्य गोळा करायचं, ज्याच्याकडे नाही त्याला अडीनडीला द्यायचं, सुगीनंतर त्यानं ते कोठीत परत भरायचं. हिशोब सोपा, पण सावकाराच्या ओट्याला पर्याय उभा राहिला. जोडीला खेड्यापाड्यांत स्वयंसेवकांच्या जिवावर शाळा उघडल्या. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, मुंबई इलाख्यात धान्याचे भाव चढू लागले. त्या वर्षी कोठीची किंमत लोकांना अधिकच कळली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की पुढं भाईंच्या मागं जी पोरं बंदूक घेऊन जंगलात गेली, ती कुठल्या पुस्तकानं पेटलेली नव्हती. याच कोठीच्या आणि शाळांच्या आसपासची होती. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी हे त्यांतलेच, भातशेतीवाल्या घरातले.

१४६ दिवस आधी

रविवार, ९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि उजाडायच्या आत गांधीजींसह सगळे पुढारी उचलले गेले. वरून आदेश देणारं कुणी उरलं नाही. याचा परिणाम सरकारला अपेक्षित होता त्याच्या उलट झाला: प्रत्येक तालुक्यानं आपापला मार्ग शोधला. भाईंच्या नावानंही वॉरंट निघालं. ते भूमिगत झाले.

११४ दिवस आधी

गुरुवार, १० सप्टेंबर. कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं आणि त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला महाड. या दिवशी नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडात मोर्चा निघाला आणि त्याच्यावर गोळीबार झाला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते यांच्यासारखे तरुण त्यात गेले.

महाडची घटना इथं आणण्याचं कारण निव्वळ जिल्हा एक, एवढंच नाही. मोर्चा म्हणजे उघड्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, कचेरीच्या दिशेनं चालत जाणारी माणसं. बंदुकीपुढं तो किती वेळ टिकतो ते महाडनं एका दिवसात पाहिलं. आदल्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, सातारा जिल्ह्यात वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार असेच मोर्च्यात गोळ्यांनी पडले होते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर हा प्रश्न उभा होता: रिकाम्या हातांनी कचेरीकडे जायचं, की कचेरी ज्यावर चालते त्यालाच हात घालायचा? साताऱ्यात पुढं याचं उत्तर प्रतिसरकार झालं. कर्जतमध्ये ते वेगळंच निघालं.

साधारण शंभर दिवस आधी, आणि पुढचे दोन महिने

कर्जत तालुक्याच्या डोक्यावरून तारा जातात. वर घाटमाथ्यावर टाटांनी धरणं बांधली, पाणी नळातून शेकडो फूट खाली सोडलं, खोपोलीला १९१५ मध्ये आणि भिवपुरीला १९२२ मध्ये वीजघर सुरू झालं. तिथली वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरून परळ आणि धारावीला जाई, आणि तिथून गिरण्यांत, कारखान्यांत, शहराच्या दिव्यांत. युद्धाच्या काळात त्या गिरण्या लष्कराचं कापड विणत होत्या. मनोरे ज्यांच्या भातखाचरांत उभे होते त्या गावांत रात्री रॉकेलची चिमणी पेटे. तीही रॉकेल मिळालं तर.

या विजेशी मावळ्यांचं भांडण जुनं होतं. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तोही टाटांच्याच विजेपायी बुडणाऱ्या जमिनींसाठी. भाईंच्या दस्त्याला, म्हणजे ‘आझाद दस्ता’ या त्यांच्या भूमिगत तुकडीला, मात्र धरण नको होतं की कंपनी, असा वाद घालायचा नव्हता. इंग्रजांचं युद्ध या तारांवर चालतं, तार पडली की मुंबई अडते, एवढंच गणित. एका लांबलचक रेषेवर सरकार किती ठिकाणी पहारा ठेवणार? ती रेषा दऱ्याखोऱ्यांतून, जंगलातून जाते आणि त्या जंगलातली प्रत्येक वाट दस्त्यातल्या पोरांच्या पायाखालची.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आझाद दस्त्यानं अकरा मनोरे पाडले. वाचायला हे चार शब्द लागतात. प्रत्यक्षात मनोरा चार पायांवर उभा असतो, पोलादी कोनांचा, आणि त्यावरच्या तारांतून हजारो व्होल्टची वीज वाहत असते. रात्री, पावसाळ्यानंतरच्या माजलेल्या गवतात, सापकिरडूंची पर्वा न करता, दिवा न लावता पोलाद कापायचं. करवतीचा आवाज रात्री लांबवर जातो. कापता कापता शेवटचा पाय कुठल्या बाजूनं दगा देईल याचा अंदाज घ्यायचा आणि मनोरा कलायला लागला की पळायचं, कारण तारा तुटून कुठं फटकारतील सांगता येत नाही. हे करणारे बहुतेकजण शेतकरी. इंजिनिअर त्यात कुणी नव्हता.

एक मनोरा पडला की ओळ बंद. ती पुन्हा उभी करायला कंपनीची माणसं, लोखंड आणि दिवस लागत. मुंबईतल्या गिरण्या आणि रेल्वे अडखळू लागल्या. आता भाई कोतवाल हा कर्जतच्या फौजदाराचा विषय राहिला नाही. त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर झालं आणि खास पोलीस अधिकारी कामाला लागले. डी. एस. पी. हॉल हे नाव या गोष्टीत इथून येतं.

माझं मत असं की या दोन महिन्यांतच शेवट ठरला होता. मोर्चा दडपला की सरकार विसरतं. गिरणी बंद पाडणाऱ्याला विसरत नाही. भाईंनी अचूक जागी घाव घातला आणि घाव अचूक बसला म्हणूनच त्यांच्यामागं लागलेली माणसं थकणारी नव्हती.

३२ दिवस आधी

मंगळवार, १ डिसेंबर. भाई तीस वर्षांचे झाले. पाऊस सरून दोन महिने झालेले, जंगल विरळ व्हायला लागलेलं. भूमिगताला पावसाळा मित्र असतो: ओढे भरलेले, वाटा बुजलेल्या, गवत पुरुषभर. हिवाळ्यात पानगळ सुरू होते, पायाखाली पाचोळा वाजतो, धूर लांबून दिसतो. त्यात देशभर सरकारनं सामुदायिक दंडाचा वटहुकूम वापरायला घेतला होता. गुन्हा कुणी केला हे सापडलं नाही की साऱ्या गावावर दंड. हे हत्यार माणसावर नव्हे, त्याला भाकरी देणाऱ्या घरावर चालतं. शेजारच्याला आज जेवू घातलं तर उद्या आपली बैलजोडी लिलावात जाईल, ही भीती एकदा गावात शिरली की भूमिगताची वाट आपोआप अरुंद होते.

दस्ता कर्जतच्या बाजूनं सरकत ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत, मुरबाडकडच्या डोंगरात गेला. भीमाशंकरच्या रांगेला खेटून गोरखगड, मच्छिंद्रगड आणि सिद्धगड उभे आहेत. दाट झाडी, वर माची, माचीवर थोडी वस्ती, आणि खाली नारिवली, जांभुर्डे अशी गावं.

गड निवडला हे ऐकायला रास्त वाटतं. मराठी मनाला गड म्हटलं की धीर येतो. पण इतिहास तेवढा धीर देत नाही. त्याच्या सव्वाशे वर्षांपूर्वी कर्नल प्रॉथरच्या फौजेनं रायगडाला वेढा घातला तेव्हा वर दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती आणि बाजीराव दूर कुठं तरी पळत होता. पायथ्याच्या हिरकणीवाडीवरून ताठ उठलेला तो कडा चढून जायची इंग्रजांना गरजच पडली नाही. त्यांनी खालच्या वाटा धरल्या, उखळी तोफा लावल्या, राजवाडा पेटला आणि १० मे १८१८ ला गड हाती आला. गडाचं बळ वरच्या तटात जेवढं असतं तेवढंच खालून वर येणाऱ्या धान्याच्या पाटीत असतं. सिद्धगडावर तर धड तटही नव्हता, कोठीही नव्हती. कर्जतच्या गरिबांसाठी कोठी उभी करणारा माणूस आता स्वतः खालून येणाऱ्या मुठीवर अवलंबून होता.

शेवटचे काही दिवस

मदत हवी होती. भाईंनी चिठ्ठी लिहून खाली धाडली. या भागात सांगतात की ती चिठ्ठी पोचायची तिथं न पोचता एका जमीनदाराच्या हाती लागली आणि त्यानं ती पोलिसांपर्यंत नेली.

फितुरी म्हटलं की आपण लगेच सूर्याजी पिसाळाचं नाव घेतो आणि विषय संपवतो. मला तो रस्ता फार सोपा वाटतो. एका माणसाच्या काळ्या मनावर सगळं टाकलं की बाकीच्यांना सुटता येतं. धान्यकोठीनं कुणाचा धंदा बसला होता? खंड आणि खावटीवर कुणाची घरं उभी होती? भाईंनी इंग्रजांशी वैर केलं १९४२ मध्ये. जमीनदार-सावकारांच्या डोळ्यांत ते त्याच्याआधीच खुपायला लागले होते. चिठ्ठी अशा हातात पडली हा अपघात असेल, पण तिथून ती कुठं गेली यात अपघात काही नाही.

१२ तास आधी

शुक्रवार, १ जानेवारी १९४३ ची संध्याकाळ. इंग्रजी नवं वर्ष. सूर्य बुडाला. अमावास्या चार-पाच दिवसांवर आलेली, त्यामुळं पूर्वरात्री चंद्र नाही. पहाटे गडावर पोचायचं तर पोलिसांना रात्रीतच चढायला लागायला हवं, आणि ही चढण कुणी वाटाड्याशिवाय रात्री चढू शकत नाही. वर जानेवारीची थंडी. सह्याद्रीत या दिवसांत दुपारी अंग तापतं आणि रात्री दात वाजतात. शेकोटी पेटवावी तर उजेड दिसणार. न पेटवावी तर झोप नाही.

३ तास आधी

सूर्योदयाआधी तीनएक तास क्षीण चंद्रकोर वर आली. तिचा उजेड झाडीत पोचत नाही, पण चढणाऱ्याला वाटेचा पांढरा पट्टा ओळखायला पुरतो. वेढा घालायला जी वेळ निवडली गेली ती पोलिसी शहाणपणाची होती: पहाऱ्यावरच्या माणसाचे डोळे याच वेळी जड होतात.

काही मिनिटं आधी

गोळीबार सुरू झाला. हिराजी पाटील पडले. गोमाजींचा हा मुलगा वडिलांच्या बरोबरीनं दस्त्यात होता. बाप आणि लेक दोघंही एकाच लढ्यात, अशी घरं बेचाळीसच्या चळवळीत महाराष्ट्रात बरीच निघाली, पण त्यांची नावं नेत्यांच्या मागं झाकली गेली. भाईंच्या मांडीत गोळी लागली. त्यांना उठता येईना.

६ वाजून १० मिनिटं

हॉल जवळ आला आणि पडलेल्या माणसावर त्यानं गोळी झाडली, असंच या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जखमी आणि पळू न शकणारा माणूस जिवंत धरता आला असता. मग खटला चालला असता. आरोपी स्वतः वकील. कोर्टात उभा राहून त्यानं धान्यकोठी, खंड, खावटी आणि गावच्या अंधारावरून जाणाऱ्या तारांबद्दल काय सांगितलं असतं याचा विचार त्या पहाटे कुणाच्या मनात आला की नाही, हा तर्काचा भाग. खटला मात्र झाला नाही.

नंतर

मनोरे पुन्हा उभे राहिले. गिरण्या चालू लागल्या. मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग आलं, म्हणजे धान्य मोजून, हिशोबानं, सर्वांना वाटायचं हे सरकारलाही करावं लागलं, अर्थात शहरापुरतं. कर्जत-मुरबाडच्या कुळांना त्यानं काही मिळालं नाही. कूळकायद्यानं जमिनीचा हक्क यायला स्वातंत्र्यानंतरचीही बरीच वर्षं गेली.

भाई जन्मानं कुलाब्याचे, पडले ठाण्याच्या हद्दीत, त्यामुळं दोन्ही जिल्हे त्यांना आपलं मानतात. सिद्धगडाच्या पायथ्याला बोरवाडीजवळ स्मारक आहे. महाडात नाना पुरोहितांच्या मोर्च्याचे हुतात्मे आठवले जातात आणि कर्जत-मुरबाडात भाई-हिराजी. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या कार्यक्रमाला क्वचित जातात, ही आपल्या हुतात्म्यांची तालुकावार वाटणी मला खटकते. एकाच जिल्ह्यानं चार महिन्यांत दोन वेगळे मार्ग करून पाहिले. ते एकत्र वाचले तरच त्यातला एक का संपला आणि दुसरा कुठं अडला ते कळतं.

आणि मुंबई. जिच्या विजेचे अकरा मनोरे त्यांनी पाडले, त्या शहरानं दादरला एक बाग भाईंच्या नावानं केली: वीर कोतवाल उद्यान, प्लाझा टॉकीजसमोर. त्या बागेपुढून दिवसभर बेस्टच्या बसगाड्या जातात. बेस्ट म्हणजे शहरात वीज वाटणारीही तीच संस्था. भाई गेले तेव्हा ती खाजगी कंपनी होती आणि टाटांचीच वीज घेऊन घरोघर पोचवत होती. महापालिकेनं ती ऑगस्ट १९४७ मध्ये ताब्यात घेतली. तिथं उतरणारे बहुतेकजण कंडक्टरकडे तिकीट मागतात ते ‘प्लाझा’चं.